कुलूप तुमचं नव्हतं, दाजी

दाजी, परवा शुक्रवारी तुमच्या घरी वीस-बावीस माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यांना माझ्या तोंडून तुमची फजिती ऐकायची होती. तुम्हाला माती देऊन तीन आठवडेही झाले नव्हते. गीत झालं, प्रार्थना झाली, आक्कानं सगळ्यांना चहा दिला, आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे येसुदासमास्तर बशी खाली ठेवत म्हणाले, "बाळ्या, ती कुलपाची गोष्ट सांग रे. शांतवन असता तर त्यानंच तुला उठवलं असतं."

"मामा, नॉट टुडे, प्लीज," तुमची शीला स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

पण तुम्ही मला ओळखता. समोर वीस माणसं गप्प बसली की माझे पाय आपोआप उभे राहतात. मी उठलो, बाह्या सारख्या केल्या, घसा खाकरला, एका हातानं हवेत डोंगरसुद्धा काढला. "तर मंडळी, डोंगर असा, ढग त्याच्या कमरेला, आणि आमचे दाजी..." एवढं म्हणालो आणि माझी नजर तुमच्या बायकोवर, म्हणजे माझ्या आक्कावर गेली. ती रिकामे कप गोळा करत होती. मान खाली. ती गोष्ट संपायची वाट बघत होती, सात वर्षं बघत आली तशीच. मी खाली बसलो. घसा बसलाय म्हणालो. लोकांना वाटलं, दुःखानं बसला. मास्तरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला. एवढा मी नट आहे.

कुलूप मी लावलं होतं. हे जगात आपल्या दोघांनाच माहीत होतं, आता एकट्या मला माहीत आहे. आणि मला ते आक्काला सांगायचं आहे. तिच्या मनात तुमच्याविषयी सात वर्षं जी अढी बसली, तिच्या मुळाशी मी आहे, आणि आता तुम्ही नसताना ती अढी घेऊन ती त्या घरात एकटी वावरते. तुमचे सदरे घडी करते आणि मध्येच एखादा जोरात आपटते. गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा मी तिच्यासमोर बसलो आणि चारही वेळा बकाल्यातल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडच्या, कांद्याबटाट्यांवर बोलून उठून आलो. म्हणून आधी तुमच्यासमोर, कागदावर, तालीम करतोय. तुम्ही कधी मध्ये बोलत नाही, हा तुमचा मोठा गुण. आता तर काय!

मी पहिल्यांदा कुवेतला आलो तो दिवस आठवतो? बोटीतून उतरलो, दस्मानजवळच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत शिरलो आणि आधी तोंड धुतलं. मिरजेला विहिरीवर धुतात तसं, मानेपर्यंत, घसाघसा, गुळण्या करत. तुम्ही दारात उभे होतात.

"झालं?" तुम्ही विचारलं.

"झालं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!"

"वाटणारच. आमच्या तिघांचं दोन दिवसांचं पाणी होतं."

रागावला असतात तर मी विसरून गेलो असतो. तुम्ही रागावला नाहीत, उठून कंदरीला शोधायला गेलात. खांद्यावरच्या आडव्या काठीला दोन डबे लावून पाणी विकत फिरणारा तो इराणी कंदरी त्या दिवशी आपली गल्ली करून पुढं गेला होता. तुम्ही समुद्राच्या कडेनं अर्धा कोस चालत जाऊन त्याला परत आणलंत. त्या दिवसापासून मला ठिबकणारा नळ दिसला की छातीत दुखतं.

मिशनच्या हॉस्पिटलात आक्का नर्स आणि तुम्ही पाण्याचे माणूस. टाकी तुमची, बॉयलर तुमचा, आवारातला नळही तुमचा. त्या नळाला दोन पितळी कान होते, त्यांतून कुलूप अडकवलं की नळाची मूठ फिरायची नाही. किल्ली तुमच्या कमरेला. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. रांगेत नर्स असो नाहीतर मुदीरसाहेबांचा, म्हणजे खुद्द डायरेक्टरांचा, ड्रायव्हर, वेळ म्हणजे वेळ. मी आत कंपाउंडर म्हणून पुड्या बांधायचो आणि खिडकीतून बघायचो. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या भल्या माणसांच्या कमरेला अशी एक किल्ली असते.

आणि मग रुपये जाऊन दिनार आले त्याच्या पुढच्या वर्षी ते मेक्सिको निघालं.

आपले मोठे डॉक्टर अमेरिकन. त्यांची बहीण, जिला आपण सगळे मिससाहेब म्हणायचो, मेक्सिकोच्या पार दक्षिणेला, डोंगरात, माया लोकांच्या एका गावात दवाखाना चालवायची. तिला तीन महिन्यांसाठी एक नर्स हवी होती आणि झऱ्याचं पाणी गावात आणून देणारा एक माणूस. पगार नाही. तिकीट आणि जेवण. डॉक्टरांनी हॉस्पिटलात सगळ्यांसमोर विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत असताना तुम्ही म्हणालात, "जाऊ या." दोन शब्द. तुमच्या मानानं ते भाषणच.

"माया लोक?" आक्का घरी येऊन म्हणाली. "म्हणजे जादूटोणावाले? पोरीला घेऊन?"

"नर्स हवीय त्यांना," तुम्ही म्हणालात.

"मला विचारलंत?"

"आता विचारतोय."

आक्का हसली होती तेव्हा. मी पाहिलंय. दुसऱ्या दिवसापासून तिनं लोकरीच्या बंड्या विणायला घेतल्या. मी स्वतःच स्वतःला आमंत्रण दिलं. औषधं मोजायला कोणीतरी लागणारच, असं मी डॉक्टरांना पटवलं आणि माझं तिकीट काढायला लावलं. तुम्ही म्हणालात, "याला मागं ठेवला तर इथं पाणी सांडेल." आयुष्यात तुम्ही केलेला हा एकमेव विनोद. आणि तोही भविष्यवाणी निघाला, फक्त उलट बाजूनं.

शेवटचा दिवसभराचा रस्ता खेचरावरून होता. हे दृश्य मी शंभर वेळा रंगवून सांगितलंय, पण ते रंगवावं लागत नाही. आक्का खेचराच्या मानेला मिठी मारून मोठ्यानं स्तोत्र म्हणत होती. खेचर थांबलं की स्तोत्र थांबायचं, खेचर उतरणीला लागलं की स्तोत्र वरच्या पट्टीत जायचं. बारा वर्षांची शीला मागून "मम्मी, इट्स ओन्ली अ म्यूल!" म्हणून ओरडत होती. तुम्ही सगळ्यांच्या पुढं पायी. काखेत टॉवेलात गुंडाळलेली वस्तू, तान्ह्या पोरासारखी धरलेली. तुम्ही कुवेतहून नळ आणला होतात. आपला नळ, दोन कानांचा. तिथं पाइप मिळतील, सिमेंट मिळेल, पण असला नळ मिळणार नाही म्हणालात.

ते पहिले दोन महिने! दाजी, मी माणसांना हसवतो म्हणून लोकांना वाटतं मी सुखी आहे. मी सुखी तिथं होतो. पाइनच्या झाडांचा वास, सकाळी दारात ढग, आणि घराघरांतून भाकऱ्या थापल्याचा आवाज. मक्याच्या का असेना, भाकरीच. आक्का शेजारच्या मारूचआजीच्या चुलीपुढं जाऊन बसली, मक्याच्या पिठाचा गोळा हातावर घेतला आणि परातीएवढी भाकरी थापली. तिथल्या भाकऱ्या तळहाताएवढ्या. बायका उठून बघायला आल्या. मग तिनं त्यांच्याच मिरच्यांचा ठेचा केला. तो खाऊन मारूचआजीनं आक्काचं डोकं खाली वाकवलं आणि हाताची मागची बाजू तिच्या कपाळाला लावली. तिथं थोरांनी धाकट्यांना आशीर्वाद द्यायची ती रीत. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यामुळं, असं ती म्हणाली.

तुमचं तर विचारायलाच नको. गावकरी त्यांच्या भाषेत बोलायचे, तिथले शाळामास्तर त्याचं स्पॅनिश करायचे, मिससाहेब त्याचं इंग्रजी करायच्या, मी त्याचं मराठी करायचो आणि तुम्ही शेवटी "हं" म्हणायचात. मग तो "हं" उलट्या वाटेनं परत जायचा. मास्तर त्याची दोन वाक्यं करायचे. आठवड्याभरात त्या पुरुषांनी आम्हा मधल्यांना सोडून दिलं. ते दगड दाखवायचे, तुम्ही मान हलवायचात. झऱ्याला धक्का न लावता, त्याच्या खालच्या अंगाला टाकी बांधलीत, पाइप उतरवलेत, आणि गावाच्या मधोमध तो दोन कानांचा नळ बसवलात. नळ सोडला त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा त्याखाली हात धरले.

आणि कोणी तो बंद करीना.

ही माझी बाजू आहे. बाजू म्हणून नाही, तुम्हाला कळेल म्हणून सांगतोय, कारण ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार? पोरं खेळायला यायची, नळ सोडायची आणि निघून जायची. बायका घडे भरायच्या आणि धार तशीच सोडून गप्पा मारत बसायच्या. पाणी पायवाटेवरून, कोंबड्यांमधून, खाली दरीत. दिवसभर. गोडं पाणी, दाजी! मी खिडकीत बसून पुड्या बांधत होतो आणि प्रत्येक थेंबाला मला तो कंदरी दिसत होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वर टाकीपाशी होतात. मी माझ्या ट्रंकेचं पितळी कुलूप काढलं आणि नळाच्या दोन कानांत अडकवलं. बरोब्बर बसलं. एका पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहिलं, सकाळी सहा ते सात, संध्याकाळी पाच ते सहा, आणि नळाच्या खांबाला टांगलं. इंग्रजीत. ज्या गावात शाळामास्तर सोडून कोणाला वाचता येत नव्हतं, आणि मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, तिथं.

सकाळी सहाला मी किल्ली घेऊन, केस विंचरून, स्टेशनमास्तरासारखा नळापाशी उभा. कोणी आलं नाही. बायका त्याआधीच येऊन गेल्या होत्या. कुलूप बघून त्यांनी घडे उचलले होते आणि खाली दरीतल्या जुन्या डबक्यावर निघून गेल्या होत्या. आठला तुम्ही आलात. कुलपाकडे बघितलंत, पुठ्ठ्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. हात पुढं केलात. मी किल्ली दिली. तुम्ही कुलूप काढून खिशात टाकलंत.

नळ उघडा झाला, पण बायका परत आल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. नळावर नाही आणि दवाखान्यातही नाही. चुलीत पडून पाय भाजलेली एक पाच वर्षांची पोर होती, आक्का तिची पट्टी रोज बदलायची. ती यायची थांबली. आक्का तिच्या घरी गेली तर दार लागलेलं. दाराच्या फटीतून पोरीची आई दिसत होती, पण दार उघडलं नाही. आक्का परत आली ती पायरीवर बसूनच राहिली. "तिचा पाय सडेल रे," एवढंच म्हणत होती. "मी काय केलं यांचं?"

कुलपानंतर पाचव्या दिवशी सकाळी गावातले पाच म्हातारे हातात काठ्या घेऊन अंगणात आले. शाळामास्तरांनी सांगितलं, मिससाहेबांनी इंग्रजी केलं. पाणी डोंगर देतो. डोंगर ज्याला देतो त्याला देतो, त्याला कोणी कुलूप घालत नाही. आता डोंगर रागावला असेल, झरा आटेल. ज्याचं पाणी अडवलं तो आजारी पडेल. म्हणून बायका भितात. कुलूप कोणी घातलं?

हे सगळं मराठीत तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. मी ते शेवटच्या वाक्यापर्यंत नीट सांगितलं. मग मी मक्याच्या पोत्यामागं एक पाऊल सरकलो.

"मी," तुम्ही म्हणालात.

आक्कानं वळून तुमच्याकडे बघितलं. तिला खरं वाटलं. का वाटू नये? जन्मभर तुमच्या कमरेला किल्ली होती.

म्हाताऱ्यांनी जे सांगितलं ते मी भाषांतर करायच्या आधीच मिससाहेब उठून उभ्या राहिल्या. ज्यानं कुलूप लावलं त्यानं झऱ्यावर अनवाणी यायचं, मेणबत्त्या लावायच्या, धूप करायचा, आणि डोंगराची क्षमा मागायची. मिससाहेब म्हणाल्या, हे शक्य नाही, मी त्यांना समजावते. आक्का म्हणाली, "त्यात समजवायचं काय? तुम्ही मंडळीची प्रार्थना चालवता! डोंगरापुढं मेणबत्ती लावणार?"

"पोरीच्या पायाची पट्टी पाच दिवस बदलली नाही," तुम्ही म्हणालात.

"म्हणून मूर्तिपूजा?"

"इथं मूर्ती कुठाय, एस्तेर?"

"शब्दात पकडू नका. देवाला काय सांगाल?"

"ज्यांचं पाणी अडवलं, त्यांनी सांगितलं तिथं जायचं. एवढंच मला कळतं."

"जायचं तर जा. मी येणार नाही, पोरगी येणार नाही. आणि परत आल्यावर मला काही सांगू नका."

तुम्ही बूट काढले. मेणबत्त्या धरायला माणूस लागतो असं म्हातारे म्हणाले, आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. अंगणातून बाहेर पडेपर्यंत मी एक वाक्य जुळवत होतो: थांबा, कुलूप मी लावलं. चांगलं वाक्य आहे, चार शब्दांचं. झऱ्यापर्यंत तासभराची चढण होती. ते वाक्य मी पूर्ण चढभर जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायकांची रांग होती. ती आई पोरीला पाठीला बांधून घेऊन आली. आक्कानं जखम धुतली, मेलेली कातडी काढली, पट्टी बांधली. पोरीचा पाय वाचला. तुम्ही दाराशी गरम पाण्याचं भांडं घेऊन उभे होतात. आक्कानं ते तुमच्या हातातून घेतलं, तुमच्याकडे न बघता.

तिथंच राहिलं असतं सगळं. पण कुवेतला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी, मराठी उपासनेनंतर, कोणीतरी कौतुकानं विचारलं, शीला, मेक्सिकोत काय पाहिलंस? आणि शीला खणखणीत आवाजात म्हणाली, "माय डॅडी सेड सॉरी टु अ माउंटन!"

येसुदासमास्तर वाईट माणूस नाही. त्यांना खरंच वाटत होतं की ते तुम्हाला सोपी वाट दाखवताहेत. "शांतवन, एकदा मंडळीसमोर उभं राहून चुकलो म्हण. संपलं."

"चुकलो असतो तर म्हटलं असतं, मास्तर."

आक्का शेजारी बसली होती. सात वर्षांत तिनं हे एकच वाक्य तुम्हाला परत परत ऐकवलं. भाजी चिरताना, चादर झटकताना. "डोंगराला सॉरी म्हणता येतं, देवाला नाही." त्या शुक्रवारपासून तुम्ही दाराशी, चपलांपाशी बसायला लागलात. गीत सुरू करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते सात वर्षं अर्धा सूर वर लावतोय, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दाराशी बसून हळूच खाली उतरवायचात.

गोष्ट मी तेव्हा सुरू केली. आधी खरंच तुमच्यासाठी. म्हटलं, लोक हसले तर दोष देणार नाहीत. मग लोक हसायला लागले आणि मला गोडी लागली. माझ्या गोष्टीत तुम्ही झऱ्यात उभे राहून म्हणता, "हे डोंगरराव, मी कुवेतचा शांतवन, मला पाणी बघायची सवय नाही, माफी असावी." माझ्या गोष्टीत डोंगराला धुपानं शिंका येते. तुम्ही कोपऱ्यात बशीत चहा ओतून ऐकत बसायचात. सात वर्षांत एकदाच दुरुस्ती केलीत. "मेणबत्त्या तेरा होत्या, बाळ्या. सात नाही."

एकदा मी विचारलं होतं. हॉस्पिटलच्या गच्चीवर, तुम्ही टाकीत डोकं घालून बसला होतात. "दाजी, आक्काला सांगून टाकू का?" तुम्ही डोकं बाहेर काढलंत. अंगावर गंजाचे डाग. "सांगून काय होणार?" म्हणालात. "कुलूप तिला नाही लागलेलं." मला वाटलं, तुम्ही मला वाचवताय. मी इतका हलका झालो की जिना उतरताना शीळ घातली.

हे वरचं लिहून चार दिवस झाले होते. काल दुपारी मी गेलो आणि सांगितलं.

आक्का तुमची ट्रंक आवरत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, हातवारे न करता. कुलूप माझ्या ट्रंकेचं. दाजी वर टाकीपाशी होते. पोत्यामागं मी लपलो. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. ते चार शब्दांचं वाक्य अखेर बोललो आणि वाट बघत राहिलो, की आता ती रडेल, मला मारेल, तुमचं नाव घेईल. सात वर्षं मी ज्या दाराला टेकून उभा होतो ते आता उघडणार.

ती तुमची एक बनियन घडी करत होती. घडी पुरी केली.

"मला काय करायचंय कुलपाचं?" ती म्हणाली.

"आक्का, कुलूप त्यांनी नव्हतं लावलं."

"ऐकलं मी. कुलूप तू लावलंस, गाढवा. मेणबत्ती कोणी लावली?"

कुलूप तिला नाही लागलेलं, हे तुमचं गच्चीवरचं वाक्य मला तेव्हा कुठं ऐकू आलं.

"माझं भांडण कुलपाशी होतं होय? कुलूप कोणीही लावेल. मी तिथं असते तर मीच लावलं असतं, ते पाणी बघून. ते माझ्या देवाला सोडून तिथं उभे राहिले, ते कोणापुढं, एवढंच मला हवं होतं. तू होतास तिथं. एकटा तूच होतास आपल्यातला. ते काय बोलले?"

दाजी, सात वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माझे डोंगरराव पुरले होते. आणि तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं की तिला काय ऐकायचंय. मी नट आहे. मला कळतं, समोरच्याला कुठलं वाक्य हवंय. त्यांनी येशूचं नाव घेतलं, एवढं म्हणायचं होतं. ती जन्मभर शांत झाली असती. वाक्य जिभेवर होतं.

पण तुम्ही तिथं अनवाणी, घोट्यापर्यंत पाण्यात उभे होतात. म्हातारे काहीतरी पुटपुटत होते, उसाची दारू जमिनीवर शिंपत होते, धूर डोळ्यांत जात होता. तुम्ही तेरा मेणबत्त्या एकेक करून दगडावर लावल्यात. आणि मग मान खाली घालून उभे राहिलात. कितीतरी वेळ. ओठसुद्धा हलले नाहीत. मी बघत होतो, कारण मला वाटत होतं तुम्ही माझं नाव घ्याल.

"काही बोलले नाहीत, आक्का."

"काहीच?"

"काहीच नाही."

ती ट्रंकेच्या कडेवर बसली. "जन्मभर खोटं बोलतोस," ती हळू म्हणाली. "आज एक बोलला असतास तर काय झालं असतं तुझं?"

मी म्हणालो, मला खरंच आणखी काही माहीत नाही. येताना वाटेत मीही विचारलं होतं, दाजी, प्रार्थना केलीत का? तर म्हणाले, पाय गार पडलेत रे. बस. घरी येईपर्यंत एवढंच.

आक्कानं वर बघितलं.

"पाय गार पडलेत म्हणाले?"

"हो."

ती माझ्याकडे बघत होती, पण तिला दिसत मी नव्हतो. तिच्या मांडीवर तुमची बनियन होती, ती तिनं पुन्हा उलगडली.

"त्या दिवशी ते आले," ती म्हणाली, "आणि पायरीवर बसले. पाय असे जवळ घेऊन. मी आतून बघितलं होतं. मी त्यांना पाणीसुद्धा तापवून दिलं नाही रे, बाळ्या. चूल पेटलेलीच होती."